ताईंनी दिलेला तुकडा

माझ्या मोठ्या नणंद, म्हणजे ताई, कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बावीस वर्षं उभ्या होत्या. उभ्या म्हणजे खरोखरच उभ्या, त्या टेबलाला खुर्ची नसते. शिवलेला शर्ट समोर आला की तो उलटा करायचा. कॉलर बघायची, बाह्यांची जोडणी, बगलेची शिवण, काजं, बटणं आणि शेवटी सुटलेले धागे. चूक दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं, गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचायचा आणि ज्या बाईने तो शर्ट शिवला तिच्या मशिनीवर परत नेऊन टाकायचा. बायका पाठीमागे त्यांना ‘फौजदार’ म्हणायच्या. ताईंच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचं.

कारणं त्यांच्यापुढे चालत नसत. एखादी म्हणायची, “ताई, कापडच खराब आलं होतं, माझा काय दोष?” ताईंचं उत्तर ठरलेलं. “शिवायच्या आधी बघायचं होतंस. पीस तुझा, चूक तुझी.” घरीही त्यांचा तोच खाक्या. माझ्या स्वयंपाकघरात आल्या की कपाच्या कानामागे बोट फिरवून बघायच्या. मला त्या आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाचा गैरसमज नको.

लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आणि तो धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा. हा माणूस मोटार चालवायला शिकवायचा. त्याच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असायचा आणि तोंडात सदोदित ‘सावकाश, सावकाश’. दारूच्या थेंबालाही कधी शिवला नाही. लहानपणी अपघातात रक्त चढवलं होतं, त्यातून कसलासा विषाणू आला आणि तीस वर्षं गुपचूप लिव्हर कुरतडत बसला. कळलं तेव्हा लिव्हर कामातून गेलं होतं आणि त्यात कॅन्सरची गाठही होती.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर बदलता येईल. गाठ एकच आहे, आणि ज्या मापाच्या आत असली की बदलतात त्या मापात ती काठावर का होईना, बसते आहे. नात्यातल्या कुणीतरी लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं काही महिन्यांत पुन्हा भरून येतं.

रक्तगट माझाही जुळत होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी “घरात कोण कोण आहे?” असं विचारलं तेव्हा मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. रुमाल हातात येईपर्यंत ताई बोलून गेल्या होत्या, “माझं घ्या.” मग मी रुमाल डोळ्यांना लावला आणि सगळ्यांना वाटलं, बाई भारावून गेली.

ताईंना एकट्यांना बसवून तीनदा विचारलं गेलं, कुणाची जबरदस्ती नाही ना? तिसऱ्या वेळी ताई विचारणाऱ्या पोरसवदा डॉक्टरणीवरच उखडल्या. “एकदा पास केलेला पीस मी पुन्हा उलटा करत नाही,” म्हणाल्या. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सेहेचाळीसाव्या वर्षी बाई आतून ठणठणीत निघाली. उजव्या बाजूचा मोठा तुकडा काढून माझ्या नवऱ्याला बसवला.

नवरा तीन आठवड्यांत घरी आला. ताईंचं काही सरळ झालं नाही. टाक्यांच्या जागी पोट सैल पडलं, तिथे हर्निया झाला, आणि दिवसभर उभं राहणं बंद झालं. कारखान्याने त्यांना टेबलावरून काढून पॅकिंगमध्ये बसवलं. तिथे बसून शर्टाला किमतीची पट्टी अडकवायची. ज्यांच्या मशिनींवर त्यांनी वर्षानुवर्षं शर्ट परत टाकले त्या बायका येता-जाता विचारायच्या, “काय फौजदारीणबाई, बदली झाली वाटतं?” ताई हसून म्हणायच्या, “भाऊ उभा आहे ना, मी बसले तर काय बिघडलं?” आल्यागेल्याला ही कथा सांगताना त्यांचा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जायचा. पाहुणे त्यांना नमस्कार करायचे आणि मी चहा घेऊन उभी राहायचे. ते सहन करणं मला जड गेलं.

चौदा महिने बरे गेले. नवरा पुन्हा गाडीत बसायला लागला, रोजच्या गोळ्या घड्याळ लावून घ्यायचा. फक्त स्कॅनची तारीख जवळ आली की घुम्यासारखा व्हायचा. मला वाटायचं, सुईची भीती. पंधराव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात दोन गाठी दिसल्या आणि एक त्या नव्या लिव्हरमध्ये.

हॉस्पिटलच्या जिन्याशी ताई भेटल्या. त्यांनी काही विचारायच्या आत मी तोंड सोडलं.

“त्यांचं जुनं लिव्हर तर डॉक्टरांनी काढून टाकलं, गाठीसकट. मग कॅन्सर आला कुठून? सांगा ना. नवीन काय घातलं आत? तुमचंच ना?”

वर येणारी माणसं थांबून बघायला लागली. ताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्या भांडतील, निदान डॉक्टरांकडे ओढत नेतील, असं मला वाटलं होतं. दुसरी कुठलीही बाई गेली असती. पण ताईंनी बावीस वर्षं कुणाचंही कारण ऐकून घेतलं नव्हतं, आता स्वतःचं कसं ऐकणार? त्या एवढंच म्हणाल्या, “पीस माझाच आहे गं.”

मग त्यांनी स्वतःहून दुसरीकडे जाऊन पोटाचा स्कॅन करून घेतला, रक्त तपासलं. आठ दिवसांनी रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. नवरा पलंगावर उशीला टेकून बसला होता, बिस्किट चहात बुडवत होता. ताईंनी कागद माझ्यापुढे धरला. “बघ, माझ्यात काही नाही म्हणतात. सगळं स्वच्छ आहे.”

मी कागद वाचलासुद्धा नाही. “आता स्वच्छच असणार, ताई. खराब तेवढं इकडे आलं.”

हे वाक्य मला कुठून सुचलं, देव जाणे. पण ते त्यांच्या डोक्यात असं बसलं की पुन्हा निघालं नाही. खराब शर्ट बाजूला काढला की उरलेला गठ्ठा पास होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी कागदाची घडी घातली, चार वेळा घातली, आणि भावाकडे बघितलं. त्याने एक शब्द बोलायला हवा होता. त्याने बिस्किट तोंडात टाकलं आणि म्हणाला, “जाऊ दे आता. भांडू नका दोघी.”

ताई पलंगाजवळ गेल्या आणि त्यांनी त्याची माफी मागितली. मोठ्या बहिणीने, हात जोडून. त्यानेही ती घेतली. “असू दे, ताई,” म्हणाला. मी तिथेच उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तो पुढे पाच महिने जगला. शेवटी दुखणं पाठीच्या हाडात गेलं आणि त्याला कूस बदलता येईना. ताई रोज कारखाना सुटला की यायच्या, त्याचे पाय चेपायच्या, त्याचे कपडे धुवायच्या. मी त्यांना मोलकरणीसारखं राबवलं. हर्नियाचा पट्टा बांधून त्या पाण्याच्या बादल्या उचलायच्या आणि मी म्हणायचे, “सांडू नका.” त्या सांडलेलं पुसून घ्यायच्या. तो उशीवरून हे सगळं बघत असायचा.

तो गेल्यावर महिन्याने मी त्याची शिकवायची गाडी विकायला काढली. सीटखाली शिकाऊ लोकांच्या हजेरीची फाईल होती, तिच्यात घडी केलेला रिपोर्ट सापडला. तारीख ऑपरेशननंतर बारा दिवसांनी. काढून टाकलेलं जुनं लिव्हर बारीक तपासून लिहिलेला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर म्हणाले, “हे आम्ही त्यांना तेव्हाच समजावलं होतं. स्कॅनमध्ये गाठ जेवढी दिसत होती त्याहून मोठी निघाली, आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या. म्हणजे लिव्हर काढायच्या आधीच काही पेशी रक्तात सुटल्या असणार. अशांचा आजार बऱ्याचदा उलटतो. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल, असं सांगितलं होतं. ते म्हणाले, घरी मीच सांगतो.”

“आणि बहिणीचं लिव्हर?”

“त्याचा काही संबंध नाही. ते उत्तम होतं. त्यामुळेच तर त्यांना हे दिवस मिळाले.”

घरी येऊन मी त्या माणसाच्या फोटोला तोंडाला येईल ते बोलले. ऑपरेशननंतरच्या बाराव्या दिवसापासून याला माहीत होतं. तो घरी येणार म्हणून मी नव्या पडद्यांचं कापड बघत होते तेव्हा माहीत होतं. जिन्यावर मी ताईंचे धिंडवडे काढले, ते त्याला मीच रंगवून सांगितलं, तेव्हाही. एका वाक्यात त्याने बहिणीला सोडवलं असतं. पण मग मी विचारलं असतं, तुम्हाला कधीपासून ठाऊक? ते विचारलं जाऊ नये म्हणून त्याने बहीण वापरली. दुसऱ्यांदा वापरली.

मी त्याच दिवशी ताईंकडे जायला हवं होतं. पायात चप्पल घातली होती, हेही खरं. मग वाटलं, उद्या जाऊ. आणि मग वाटलं, त्यांचा दोष नव्हता म्हटलं की उरतं काय? नवऱ्याने मला एवढ्या लायकीचीही समजलं नाही की खरं सांगावं. आणि मी, जुळणारं रक्त घेऊन रुमाल शोधत बसलेली. जिन्यावरच्या त्या आरोपाच्या जागेवरून ताई खाली उतरल्या की तिथे मला उभं राहावं लागलं असतं. मी रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

गेल्या आठवड्यात भर दुपारी ताई आल्या. जेवणाच्या सुट्टीत पळत आल्या होत्या, गळ्यात कारखान्याचं कार्ड तसंच होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“अगं, आमच्या पॅकिंगमधल्या पोरीचं बाळंतपण अवघड झालंय. रक्त खूप गेलंय. तिचा नि माझा गट एकच, तो कमी जणांत सापडतो, त्यांना दोन जण मिळालेत, अजून एक हवाय. तिचा नवरा माझ्या पाया पडला.” त्यांना धाप लागली होती. “मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात तुम्ही ठीक आहात, चालेल. पण त्यांना काय माहीत? तुला माहीत आहे. तू सांग, देऊ का?”

माझाही तोच गट. हे त्यांना ठाऊक नव्हतं. कपाट त्यांच्या पाठीमागे होतं, चार पावलांवर.

“नका देऊ, ताई,” मी म्हणाले. “कशाला उगाच आणखी एकीच्या जिवाशी खेळ?”

त्यांनी मान हलवली. जराही वाईट वाटून घेतलं नाही, उलट सुटल्यासारखा चेहरा झाला.

“मलाही तेच वाटत होतं. बरं झालं तुला विचारलं,” त्या म्हणाल्या, माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि त्या पोरीच्या नवऱ्याला नाही सांगायला गेल्या.