बाबांची भिंत

पिकत घातलेल्या चिकूंचा वास आला, की घिवली गावातल्या आमच्या घराच्या ओटीवरचा तो डाव आठवतो. मी सातवीत होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांनी बोलणंच सोडलं होतं. माझ्याशी बुद्धिबळ मात्र खेळायचे, तेही राजापुढे प्याद्यांची भक्कम भिंत उभारून. त्या दुपारी मी चिडून घोडा देऊन ती भिंत फोडली, पाठोपाठ हत्तीही दिला. बाबांनी तो मारून बाजूला ठेवला. मग अडखळत म्हणाले, “पोरी, आता... तुज्याकडं उरलंय काय?”

खरंच काही उरलं नव्हतं. मी हरले आणि रडू लागले.

आई पिठाच्या हातांनीच धावत आली. “हे बोलले?” एवढंच म्हणून तीही रडायला लागली.

आज वाटतं, मी जपून खेळले असते, तर बाबा गप्पच राहिले असते.