भाऊ, लिनक्स आणि आखाजीचं गाणं

माझं लग्न ठरलं, त्याच संध्याकाळी भाऊने कॉम्प्युटरवर चादर टाकली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, धुळ्यातलं देवपूरचं आमचं घर… पुढच्या खोलीत पाहुण्यांचा चहा चालला होता आणि हा आत चादरीचे कोपरे नीट खोचत होता.

भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, जन्मापासून अंध. अहिराणी गाण्यांच्या कॅसेट निघायच्या, त्यांचं संगीत तो तयार करायचा. ढोलकी, बासरी, व्हायोलिन, सगळं कॉम्प्युटरवर. पण ते काम होतं माउसचं… पडद्यावरच्या बारीक रेघांवर एकेक सूर उचलून ठेवायचा. तो गुणगुणायचा आणि माउस मी चालवायचे.

आता मी चोपड्याला जाणार होते.

आईने विचारलंच, "पोर गयी म्हंजे तुनं कसं व्हई रे?"

"व्हई काहीतरी," भाऊ म्हणाला. आणि त्याच आठवड्यात आलेलं एक काम त्याने नको म्हणून सांगितलं.

मला राहवेना. मी जळगावला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तिथल्या सरांकडे गेले. अंध माणसाला माउस चालवता येईल असं काही आहे का, विचारलं. नाही म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "त्यांना टायपिंग येतं का?"

येत होतं. अंधशाळेत टाइपरायटरवर शिकला होता… माझ्यापेक्षा वेगाने करायचा. पण गाण्याच्या कामात त्याचा उपयोग होईल, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी सर एसटीने आले, कुठल्याशा मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन. लिनक्स… कॉम्प्युटर चालवणारी वेगळीच सिस्टीम. फुकट आहे, शिवाय आतलं सगळं उघडं आहे, हवं तसं बदलता येतं, असं त्यांनी समजावलं. त्यावर एक प्रोग्रॅम होता, त्यात सूर अक्षरांनी टाइप करायचे आणि एक कमांड दिली की वाजायचे. माउसची गरजच नाही.

भाऊने एवढंच विचारलं, "आणि जुनी गाणी?"

"ती यात उघडतील याची खात्री नाही देत," सर म्हणाले.

इतक्या वर्षांचं काम होतं ते. भाऊने कॉम्प्युटरवरची चादर ओढून काढली आणि म्हणाला, "टाका."

पुढचे कितीतरी दिवस ते यंत्र मुकंच. साउंड कार्ड काही केल्या बोलेना. सर दर रविवारी येत, इंटरनेटवरून छापून आणलेले कागद वाचत, काहीबाही बदलत आणि मान हलवत परत जात. कॅसेटवाले एकदा डोकावून गेले, पुन्हा आले नाहीत. चालतं काम मीच बंद पाडलं, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका दुपारी अचानक सूर आला. बासरीचा सा, थोडा चिरका. आई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. भाऊ फक्त म्हणाला, "परत लावा."

सरांनी त्यात आणखी एक सोय करून दिली. टाइप केलेलं बरोबर असेल तर घंटी वाजायची, चुकलं असेल तर ढोलाचा ठोका. पडद्यावर काय दिसतंय हे भाऊला आता कुणी वाचून दाखवायला नको होतं. तरी लग्नापर्यंत मी शेजारी बसत होते… सवय म्हणा.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले. आमच्याकडे तेव्हा माहेरवाशिणी झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात. भाऊकडे झोक्याच्या गाण्याचं काम आलं होतं, ते त्याने एकट्याने पूर्ण केलं होतं. मी स्टूल ओढून बसले आणि माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला.

"राहू दे. तू ऐक," भाऊ म्हणाला.

गाणं सुरू झालं आणि मी चक्रावले. हे नेहमीचं नव्हतंच. वाद्यं कमी, मध्ये मोकळी जागा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी एक बारीकसा अडखळा.

"इथे चुकलंय का रे? थांबतंय."

"थांबवलंय मी. झोका पार वर गेला की बाया श्वास घेतात ना… मग शब्द येतो."

लहानपणापासून झोक्यावर बसून मी ती गाणी म्हटली होती. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. आणि माउस माझ्या हातात असता, तर तो अडखळा मी नीटनेटका करून टाकला असता.

मी सूर ठेवायचे तेव्हा भाऊ म्हणायचा, "चालेल." मला ती शाबासकी वाटायची… त्या दिवशी कळलं, 'चालेल' म्हणजे 'मला हवं ते हे नाही, पण तुला किती वेळा सांगू.' भाऊचं संगीत म्हणून लोक जे ऐकत होते, त्यात बरीचशी मीच होते.

जरा टोचलं, खोटं कशाला सांगू. आपल्यावाचून याचं अडतं, यातही एक सुख असतं. पण गाणं संपलं तेव्हा मीच म्हटलं, "परत लाव." आणि नुसती ऐकत बसले, काहीही न करता.

ती सिस्टीम, तो सुरांचा प्रोग्रॅम कुणीकुणी लिहिला, मला आजही ठाऊक नाही. आपल्या लिहिण्यातून धुळ्यात एका माणसाला त्याचं स्वतःचं गाणं मिळालं, हे त्यांनाही कधी कळलं नसेल… त्यांचे आभार कुठे मानायचे, म्हणून इथे लिहितेय.

आखाजीला अजून माहेरी जाते. झाडाखाली उभी राहून कान देऊन ऐकते… झोका वर जातो आणि बाया खरंच तिथे थांबतात.