वाफेवरचा गोल

आमची आत्या चेटूक करायची. हसू नका. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं, आणि दिवसा तिची टिंगल करणारेही गरज पडली की मुकाट्याने तिच्याच दारात यायचे.

आत्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. मागच्या खोलीत कपडे उकळायचे, पुढच्या टेबलावर तिची इस्त्री फुसफुसायची, आणि रस्त्याकडची मोठी काच हिवाळाभर वाफेने पांढरीफटक असायची. कुणी काही मागायला आलं की आत्या मान वर न करता म्हणायची, काढ गोल. बोटाने काचेवर एक गोल काढायचा, तोंड जवळ न्यायचं आणि काय हवं ते बोलून दाखवायचं. झालं चेटूक! अट एकच, मागणं स्वतःपुरतं हवं. ‘नवऱ्याला अक्कल येऊ दे’ चालत नसे. ‘मला धीर येऊ दे’ चालायचं. कितीतरी बायका हे ऐकून तिथूनच फणकाऱ्याने परत जायच्या.

माझ्या आईला तर हे अजिबात पटायचं नाही. चेटूक करायचं तर जरा साग्रसंगीत नको का? ती एकदा बाजारातून काळ्या मेणबत्त्या, रंगीत खडे आणि एक पितळी वाडगा घेऊन आत्याकडे गेली. आत्याने वाडग्यात सुटी बटणं ठेवली, खडे शेजारच्या पोरांना खेळायला दिले आणि मेणबत्त्या दिवे गेल्यावर उपयोगी पडतील म्हणाली. आई घरभर धुसफुसत होती. पण तिला तरी काय बोलायचं, तिच्या जिवाला घोर लागला होता.

घोर ताईचा. माझी थोरली बहीण बँकेतली नोकरी सोडून ट्रक चालवायला लागली होती. त्या नोकरीचा तोरा बाबांनी गावभर मिरवलेला, त्यामुळे त्यांचा नुसता तिळपापड झाला. रागाच्या भरात म्हणाले, मग या घरात पाऊल टाकू नकोस. ताई पडली त्यांचीच मुलगी, तिने ते अक्षरशः पाळलं. दोन हिवाळे गेले. बाबा जेवायला बसले की तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे आणि मीठ जास्त पडलंय म्हणून आईवर डाफरायचे. मीठ अगदी बरोबर असायचं. पण आपण होऊन आधी बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

शेवटी आईने आत्याला गळ घातली, तुमच्या भावाचं मन फिरवा. आत्या म्हणाली, वहिनी, ते माझ्या हातात असतं तर लहानपणीच फिरवलं असतं. त्याचं त्यालाच यावं लागेल.

आता बाबा आणि चेटूक! बहिणीला ते ‘वाफेची डॉक्टरीण’ म्हणून चिडवायचे. पण आत्याही काही कमी नव्हती. तिने इस्त्रीला आलेला त्यांचा कोट अडवून ठेवला आणि ऐन थंडीत निरोप पाठवला, तयार आहे, आज संध्याकाळीच घेऊन जा. मी ऑफिसातून येताना तिथे टेकले होते, तर तिने मला चादरींच्या घड्या घालायला बसवलं.

बाबा आले. कोट समोर खुंटीवर, पण आत्या देईना. इस्त्री उभी करून म्हणाली, “दादा, काढ गोल.”

बाबांनी नन्नाचा पाढा लावला. वय काय माझं, पोरीसमोर कसले खेळ करायला लावतेस, मुकाट्याने कोट दे. आत्या ढिम्म. मी उघडलेल्या चादरीआड तोंड लपवून उभी. तणतणत ते काचेपाशी गेले आणि एक वेडावाकडा गोल काढला. मग तिथेच थांबले.  शेवटी बोलले ते इतकं हळू की मला चादर खाली करावी लागली.

“मला आधी बोलता येऊ दे.”

मला तर रडूच कोसळलं. एवढा ताठ माणूस, आणि एवढंसं मागणं.

आत्या पुढे झाली आणि तिने गोलातली वाफ तळहाताने पुसून टाकली. पलीकडे रस्त्यावर, दिव्याच्या खांबाला टेकून, ताई उभी होती. धुवायच्या कपड्यांची पिशवी तिच्या पायाशी होती.

ताई कधीपासून तिचे कपडे आत्याकडेच टाकत होती, आणि या लबाड बाईने आम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हती. ताईने तिचा गोल आधीच काढला होता. ‘बाबांनी हाक मारली तर मला ताणून धरता येऊ नये’, एवढंच तिने मागितलं होतं. घोडं अडलं होतं ते बाबांपाशी.

बाबा कोट तसाच सोडून बाहेर गेले. काचेतून त्यांचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. मी नंतर ताईला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, काय बोलणार ते? म्हणाले, नाक लाल झालंय तुझं, घरी चल.

आता ती लॉन्ड्री नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे, काच बारा महिने कोरडी. आत्या गेली, त्यानंतर बाबाही गेले. तिच्या इस्त्रीचा तो ओलसर, उबदार वास कुठे आला की अजून मला तिथेच जाऊन बसावंसं वाटतं.

परवा आईकडे राहायला गेले होते. कडाक्याची थंडी होती. सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराची काच वाफेने भरत गेली. भरता भरता काचेवर गोल उमटले. बोटाचा माग काचेवर राहतो, आणि वाफ धरली की पुन्हा दिसतो. एक नव्हता, कितीतरी होते. वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, बाबांच्या तोंडाच्या उंचीवर.

मी आईकडे बघितलं.

“भांडण झालं की दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून चहा ठेवायचे,” ती म्हणाली. “आणि आधी बोलायचे. मला वाटायचं, वयामुळे निवळले.”

“ती काच मी पुसत नाही,” एवढं सांगून ती चहा गाळायला वळली.