भुजंग सरांचं थर्मामीटर

भुजंग सरांच्या बैठकीत घड्याळाच्या बरोबर खाली एक खिळा होता. आदर्श शिक्षक पुरस्काराचं प्रमाणपत्र टांगायला तो सरांनी एकोणनव्वद साली ठोकला होता. प्रमाणपत्र तेवढं यायचं राहिलं होतं. तोवर खिळा रिकामा कशाला, म्हणून सरांच्या सौभाग्यवती, आमच्या प्रभावतीकाकू, त्यावर चहाची गाळणी अडकवायच्या. पाहुणे आले की सर गाळणी काढून ठेवायचे आणि खिळ्याकडे लक्ष जाईल अशा बेतानं बसायचे.

सर भोकरदनला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे लिहून द्यायचे, तेही विरामचिन्हांसकट. "ज्या रासायनिक अभिक्रियेत उष्णता बाहेर टाकली जाते स्वल्पविराम तिला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात पूर्णविराम. जिच्यात उष्णता शोषली जाते स्वल्पविराम ती उष्माग्राही पूर्णविराम." ह्या दोन वाक्यांत नेमकं काय तापतं आणि काय गार होतं हे वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नव्हतं, पण स्वल्पविराम कुठं येतो ते त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

उष्णता येते कुठून, असं कुणी विचारलंच तर सर सोयरिकीवर यायचे. "जुनी सोयरीक मोडायची तर खर्चा येतो का न्हाई? येतो. नवी जुळली की आहेर येतो. अणूंचं तसंच आहे. जुने बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळले की ऊर्जा सुटते. खर्च्यापेक्षा आहेर जास्ती, तर उष्मादायी. आहेरापेक्षा खर्चा जास्ती, तर उष्माग्राही." उदाहरण चांगलं होतं, हे मी आजही कबूल करतो. सरांना तीन मुली होत्या. त्यामुळं उष्माग्राही बाजू ते फार तळमळून समजावायचे.

प्रयोग मात्र वर्षातून एकदाच, जानेवारीत. बाकीचे अकरा महिने प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी सरांच्या खिशात असायची आणि कपाटात सामान सुरक्षित असायचं. फक्त शाळेचं लांब थर्मामीटर त्यात नव्हतं, कारण ते सरांनीच फोडलं होतं. कळीच्या चुन्याचा खडा पाण्यात टाकल्यावर तो फसफसून उकळायला लागला, तर सरांनी ढवळायला तेच घेतलं. त्याच्या जागी त्यांनी वडीगोद्रीच्या मेव्हण्याकडून, जे कंपाउंडर होते, तापाचं थर्मामीटर आणलं. काखेत धरतात ते, बोटाएवढं. "पारा तोच, काच तीच," सर म्हणाले. "आकडे जरा कमी आहेत. चालतंय."

आणि ते खरोखर चाललं. चार वर्षं चाललं. त्याचं कारण होतं कचरूमामा.

कचरूमामा प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण सातवी. त्यांच्या बोटांना अंदाज होता की ग्लासभर पाण्यात किती चुना टाकला तर ते तापेल, पण त्या इवल्या काचेचा जीव घेणार नाही. ते चुना टाकायचे, सर थर्मामीटर बुडवायचे, पारा सरसर चढायचा. सर ओरडायचे, "उष्मादायी! लिहा!" मग मामा थर्मामीटर धुवायला न्यायचे आणि धुऊन परत आणायचे. तोवर दुसऱ्या ग्लासात खायचा सोडा आणि लिंबूसत पाण्यात एकत्र पडलेलं असायचं, फेस वर आलेला असायचा. सर त्यात थर्मामीटर बुडवून काढायचे. पारा तळाला. "उष्माग्राही! लिहा!"

धुताना मामा पाठमोरे होऊन मनगटाला दोन हिसके द्यायचे, हे सरांनी कधी पाहिलंच नाही. तापाच्या थर्मामीटरमधला पारा एकदा चढला की आपोआप उतरत नाही, तो झटकून उतरवावा लागतो. हे मामांना ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं. सरांना व्याख्या ठाऊक होती.

त्र्याण्णवच्या अखेरीला सरांनी पुरस्कारासाठी तिसऱ्यांदा प्रस्ताव धाडला. आधीचे दोन परत आले होते आणि निवृत्तीला चारच वर्षं उरली होती. ह्या वेळी जालन्याहून समिती तास बघायला येणार होती. तास चांगला झाला तर पुरस्कार, नाहीतर खिळ्यावर गाळणी. सरांनी धडा निवडला तो अर्थातच हाच.

आदल्या दिवशी दहावीच्या वर्गावर रंगीत तालीम झाली. आणि त्याच दिवशी सरांनी नेमकं मागं वळून पाहिलं.

"काय करून राह्यला रे कचरू?"

"झटकून राह्यलो सर. झटकल्याबिगर उतरत न्हाई ते."

"काय उतरत न्हाई?"

"पारा. आमच्या घरी गोजरबाईला हिवताप आल्ता, तव्हा डाक्टरनं दाखवलं. एकदा चढला की चढला."

सर आमच्याकडं वळून हसले. सर हसले की आम्हीही हसायचो, अंतर्गत गुण त्यांच्याच हातात होते. "ऐकलं का? आपण इतकी वर्षं अभिक्रिया करून राह्यलो, आन् कचरू म्हणतो, झटका! अरे, तापमान अभिक्रियेनं उतरतं. मनगटानं उतरायला लागलं तर बोर्ड रसायनशास्त्राला पैलवान नेमील. उद्या थर्मामीटरला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"बरं सर," मामा म्हणाले.

आज्ञाधारक माणूस किती धोक्याचा असतो, हे सरांना दुसऱ्या दिवशी साडेअकराला कळलं.

समितीचे प्रमुख रामराव साहेब. जाड चष्मा, मांडीवर फाईल. सरांनी नवा सफारी घातलेला, खिशाला तीन पेनं. सोयरिकीचं उदाहरण झालं, साहेब चक्क हसले. चुन्याचा ग्लास तापला, पारा एकशे चारवर गेला, साहेबांनी मान डोलावली. सरांचा चेहरा असा फुलला, की जणू खिळ्यावर चौकट चढलीच. त्यांनी थर्मामीटर स्वतःच धुतलं, रुमालानं पुसलं, आणि सोडा-लिंबूसताच्या ग्लासात बुडवलं. मामा भिंतीला टेकून, हात मागं बांधून उभे.

फेस आला, फेस बसला. सरांनी थर्मामीटर काढून पाहिलं आणि परत बुडवलं. परत काढलं.

"वेळ लागतो," सर म्हणाले.

पुढच्या बाकावरच्या सत्यशीलानं न राहवून ग्लासाला बोट लावलं. "सर, गार झालं की! माठातल्यावाणी!"

साहेब उठले, त्यांनीही ग्लास हातात धरला. "छान गार आहे. किती दाखवतंय?"

"एकशे चार," सर म्हणाले.

"गार आहे आणि एकशे चार?"

"साहेब, हाताला गार लागतंय," सर ठामपणे म्हणाले. "तापमान एकशे चारच आहे."

साहेबांनी थर्मामीटर मागून घेतलं, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं. "सर, ह्यानं तर आम्ही घरी पोराचा ताप बघतो."

मामांनी भिंतीजवळूनच विचारलं, "झटकू का सर?"

एवढंच होतं. सरांनी 'झटक' म्हणायचं, मामांनी दोन हिसके द्यायचे, पारा तळाला आणि पुरस्कार भोकरदनला. साहेबही म्हणाले, "झटकू द्या की." सरांनी मामांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. आदल्या दिवशी हसलेले आम्ही सगळे तिथंच बसलो होतो. त्या दिवशीची सगळ्यात मोठी उष्मादायी अभिक्रिया सरांच्या दोन्ही कानांवर चालू होती.

"नको," सर म्हणाले. "हवामान दमट असलं की कधी कधी असं होतं."

जानेवारीत, भोकरदनला, दमट! आमचे ओठ फुटून रक्त येत होतं.

साहेबांनी फाईलीत दोन ओळी लिहिल्या, चहा घेतला आणि जीप जालन्याला गेली. प्रस्ताव तिसऱ्यांदा परत आला. शेरा होता, 'उपकरणांची ओळख असावी.' सरांनी त्याचं खापर योग्य जागी फोडलं. ऐनवेळी सहकार्य केलं नाही, म्हणून मामांना मेमो मिळाला. मामांनी त्याला एका ओळीचं लेखी उत्तर दिलं: 'मी झटकायला तयार होतो.' हेडमास्तरांनी ते वाचून कागद घाईघाईनं ड्रॉवरमध्ये टाकला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते, असं क्लार्क सांगायचा.

पुढच्या वर्षापासून व्याख्येत एका वाक्याची भर पडली. "तापमापी वापरण्यापूर्वी झटकावी पूर्णविराम." त्याच्याखाली सर दोन रेघा मारायला लावायचे आणि म्हणायचे, "हे पुस्तकात सापडायचं न्हाई. हे माझं निरीक्षण आहे." मामा तेव्हा ग्लास विसळत असायचे.

अठ्ठ्याण्णवला सर निवृत्त झाले. शाळेनं कार्यक्रम केला, शाल, नारळ आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र दिलं. मानपत्र मराठीच्या मास्तरांनी लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं: 'विज्ञानाच्या ध्यासापोटी स्वतंत्र संशोधन करून त्यांनी तापमापी झटकण्याची पद्धत शाळेत रूढ केली.' टाळ्या पडल्या. हारांची परडी घेऊन उभ्या असलेल्या कचरूमामांनी परडी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मी नंतर त्यांना गाठलं. "मामा, ते तर तुमचं होतं."

"माझं कुठलं? डाक्टरचं," मामा म्हणाले. "आन् मी तरी कशाला झटकीत बसलो इतकी वर्षं? सगळ्या पोराईला ग्लासाला हात लावू द्यायचा, झालं असतं. पर हाताचे मार्क न्हाईत ना बोर्डात."

मागच्या दिवाळीत सरांकडं गेलो होतो. खिळ्यावर मानपत्र आहे. चौकटीचा वरचा कोपरा भिंतीपासून जरा पुढं आलाय, तिथं प्रभावतीकाकूंची गाळणी बराबर बसते.