चार बोटं खाली
नव्वदच्या सुमारास मी घाट ओलांडून बेल्लमपल्लीच्या बाजाराला वांगी नेत असे. माझी जुनी पिकअप फार उंच. तिथले व्यापारी चिडवायचे, "शेठ उंटावरून आले!" शेवटी गाडी चार बोटं खाली आणायला मी उटनूर रस्त्यावरच्या एका कमानपाटेवाल्या, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा दुरुस्त करणाऱ्या, मिस्त्रीकडे गेलो. कमानीतला एक पाटा काढायचा की कमान भट्टीत तापवून सपाट करायची, यात स्वस्त काय, अशी घासाघीस मी सुरू केली. त्याने मान वर केली नाही.

"रिकामी आनली काऊन? उपाशी मानसाच्या पोटाचं माप घेते का कोनी? भरून आना."

दुसऱ्या दिवशी भरून नेली. तो गाडीखाली आडवा झाला आणि अ‍ॅक्सल व चासीमधल्या फटीत बोटं घातली. दोनच मावली.

"चार बोटं कुठून आनू, शेठ? घाटात चासी आपटून मोडन. मी नाई करत."

"पैसे देऊन राह्यलो ना!" मी ओरडलो.

"मंग? लोकं हासतेत म्हून गाडी मोडू?"

हात पुसून तो दुसऱ्या गाडीकडे वळला. माझी गाडी उंचच राहिली. तपासणीचा एक पैसाही त्याने घेतला नाही. त्याला लुटारू म्हणायचीही सोय ठेवली नाही, हा राग अजून गेलेला नाही.