शेवटचा खुंटा

जनाकाकी माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी पायांकडे पाहायच्या. चौऱ्याऐंशी साली मी आणि दादा काल्हेरला, त्यांच्या काठावर होडी बांधायला जागा मागायला गेलो, तेव्हा आमच्या पायांत बूट होते. तेही पॉलिश केलेले. जागा मागायला जाताना माणसानं नीटनेटकं दिसावं, एवढीच आमची अक्कल. काकी बोंबील साफ करत होत्या. त्यांनी बूट पाहिले आणि मान वर न करता विचारलं, "लगनाला आलाव का खाडीला?"

आम्ही नारपोलीचे. मी लूमवर जॉबर, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा, आणि दादा टेम्पोवर ड्रायव्हर. वडील निवृत्त झाले आणि त्यांच्या फंडातून आम्ही रेती काढायची एक जुनी लाकडी होडी घेतली. आमच्या घराण्यातली पहिलीच. होडी मिळाली, पण बांधायला जागा मिळेना. खाडीलगत ज्यांची जमीन होती ती मंडळी काठावर खुंटे रोवून वर्षाच्या भाड्यानं जागा द्यायची. आम्ही चार काठ फिरलो. खुंटे रिकामे दिसायचे, पण आमचं आडनाव विचारून झालं की जागा संपायची. काकींचा काठ शेवटचा होता. तिथंही नकार आला असता तर होडी विकण्यावाचून इलाज नव्हता, आणि वडील त्यावर एक शब्दही बोलले नसते. त्याचीच आम्हाला धास्ती होती.

काकींनी आडनाव विचारलं नाही. बूट काढायला लावले आणि सांगितलं, उद्या सकाळच्या ओहोटीला या आणि संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत काठावर बसा. नव्या होडीवाल्याला त्या असं बसवायच्याच. सकाळी सहाला बसलो ते संध्याकाळी साडेसहाला उठलो. उन्हानं टाळकं तापलं. मधे त्यांनी आपल्याच घरातल्या ताटांत भाकरी आणि जवळा आणून दिला, तेवढाच आराम. संध्याकाळी विचारलं, काय बघितलंत? पाणी कुठं खोल आहे ते दादानं हुशारीनं सांगितलं. काकी हसल्या.

"पान्यात होडीला जागा लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "ती गाळावर बसते, तवा लागते."

आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ओहोटीला तिथलं पाणी पार निघून जायचं आणि होड्या चिखलावर टेकायच्या. खाली मऊ गाळ असला तर होडी सुखानं बसे. दगड असला तर भरल्या होडीची फळीच तडकायची.

हा तळ दर पावसाळ्यात बदलायचा. म्हणून गणपती बोळवले की पहिल्या मोठ्या ओहोटीला सगळे होडीवाले काठावर जमायचे आणि काकी लुगड्याचा काष्टा घट्ट करून एकट्याच चिखलात उतरायच्या. त्यांची पन्नाशी कधीच उलटली होती. प्रत्येक खुंट्यापाशी डोळे मिटून उभ्या राहायच्या, टाच रुतवायच्या, अंगठा फिरवायच्या. मग सांगायच्या, हितं दामूची, हितं नको, हितं हलकी होडी चालंल. दामूशेठ म्हणजे दोन होड्यांचा मालक, काठावरचं सगळ्यात बडं प्रस्थ. पण तोही निमूट ऐकायचा. वीस-बावीस होड्या त्या दोन पायांच्या भरवशावर असायच्या, आणि मी पाहिलं तेवढ्या वर्षांत एकीचीही फळी फुटली नाही. मी लूममधला बिघाड आवाजावरून ओळखणारा माणूस. पण ते पाहताना माझ्या अंगावर काटा यायचा.

भाडं सगळ्यांना सारखं होतं. रिवाज एकच होता: जो जागा वाटतो, त्याची होडी शेवटच्या खुंट्याला. तो खुंटा नाल्याच्या तोंडाशी होता. खाली दगड, म्हणून होडी रिकामी करूनच बांधायची, वरून घाण पाणी, आणि होडी बाहेर काढताना कमरेचा काटा ढिला व्हायचा. आमच्या पहिल्या वर्षी सगळे खुंटे भरलेले होते. काकींनी शेवटच्या खुंट्याशेजारी, आणखी वाईट जागी, स्वतःसाठी नवा खुंटा ठोकला आणि एक-एक होडी सरकवून आम्हाला मऊ गाळ दिला. दामूशेठ कुरकुरला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "गाळ इचारतो का, कोनाची होडी?"

आम्ही मात्र धडे चुकूनच शिकलो. एकदा अमावस्येच्या ओहोटीला मी नवा नायलॉनचा दोर खुंट्याला आखूड आवळून बांधला आणि घरी गेलो. दोर सैल सोडायची अक्कल नव्हती. उधाणाचं पाणी चढलं तशी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली ओढली गेली. काकी छातीभर पाण्यात शिरल्या आणि कोयत्यानं दोर तोडला. दुसऱ्या दिवशी मी दोराबद्दल हळहळत होतो. अजून त्याची लाज वाटते.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. मग काकींना साखरेचा आजार जडला.

त्या वर्षीही त्या उतरल्या. आमच्या खुंट्यापाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, मऊ हाय. परत आल्या तेव्हा आमच्या खुंट्यापासून पुढच्या त्यांच्या पावलांच्या ठशांत लाल पाणी साचत होतं. आमच्या खुंट्याखाली कालवं चिकटलेला धारदार दगड होता. टाच कापली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं. त्यांनी पाय हातात धरून तळवा पाहिला. बराच वेळ पाहिला. दामूशेठ समजुतीनं म्हणाला की यंदा गेल्या सालासारखंच बांधू.

"न्हाय," काकी म्हणाल्या. "माझ्या पायाला आता कळत न्हाय. मी जागा दिली तर होड्या फुटतील." मग माझ्याकडे वळल्या. "सुदाम, चपला काढ."

मी उतरलो. काठावरून त्या विचारायच्या, टाचेखाली काय लागतं, अंगठ्याखाली काय, आणि मी सांगायचो. दामूशेठच्या खुंट्यापाशी माझ्या पायाला काहीतरी टणक लागलं. मी तसं म्हणालो. दामूशेठनं काकींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्यो सांगतो तिथं बांध." दामूशेठ धोतर वर खोचून चिखलात आला आणि माझ्याच बोटाच्या दिशेनं त्यानं होडी नेली. ज्या खाडीच्या चार काठांवर आम्हाला एक खुंटा मिळाला नव्हता, त्याच खाडीत मी सगळ्यांना जागा देत होतो.

सगळ्यांना जागा मिळाली. काकींच्या होडीलाही, मऊ गाळावर. नाल्याजवळचा शेवटचा खुंटा उरला. रिवाजाची कोणी मला आठवण करून दिली नाही. दादाचं तोंड उतरलं होतं, पण तो चिखलात उतरला, आणि आम्ही दोघांनी आमची होडी तिथं बांधली. दोर सैल सोडला.

पुढच्या पावसाळ्यात काकी गेल्या. आता तिथं गोदामं आहेत. मला आठवतो तो त्या दिवशी मी काठावर परत आलो तो क्षण. काकी दगडावर बसल्या होत्या, टाचेला फडकं बांधून. माझ्या चपला त्यांच्या मांडीवर होत्या आणि त्या आपल्या पदरानं त्यांवरचा चिखल पुसत होत्या.