सतरा एकांचा भागाकार

वैशालीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. तिचे बाबा म्हणजे माझा मनोहर. आसगावच्या शाळेत तो गणित शिकवायचा, मी मराठी. रडू आलं, खोटं कशाला बोलू... पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. महिना झाला, अजून वाटतं. ते कशाचं, तेच सांगतो.

सतरा वेळा एक लिहा, सलग. या आकड्याला कशानं भाग जातो, ते मनोहरला हातानं भागून शोधायचं होतं. जायचाच तर अशा अविभाज्य संख्येनं जाईल, जिला चौतीसनं भागलं की एक उरतो, हे त्यानं मला सिद्ध करून दाखवलं होतं. मला काही कळलं नाही, मान तेवढी हलवली. कारध्याच्या घरी ओट्यावर पाटी घेऊन वर्षानुवर्षं रोज दोन-तीन भागाकार, दिवाळी असो की तेरवी. भाजक वैशालीनं नागपूरहून फोनवर सांगायचे. ती कॉम्प्युटरवाली, उत्तर तिला केव्हाच ठाऊक. "सांगशील तर याद राख," असा बापाचा दम होता. तिनं ते माझ्या कानात घातलं : वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. झालं, माझी झोप उडाली! याच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाचं दुखणं. नेमका त्याच भागाकारात हातचा चुकला, तर हा पठ्ठ्या तसाच पुढे जाणार, मरेपर्यंत भागत बसणार, आणि आम्ही तोंड दाबून बघणार...

धानाची कापणी चालू असताना एका सकाळी वैशालीचा फोन आला, आज तो भाजक दिलाय म्हणून. मी मुद्दाम जाऊन बसलो. त्यानं भागलं, आणि बाकी उरली! पण नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजांनी पडताळा, केल्याशिवाय पाटी पुसायची नाही, ही त्याची खोड. शाळेतली पोरं तिच्यापायी वैतागायची, मीही तिची टर उडवायचो. "जुळून नाही राहिला गा," म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून बसला. इतका संथ, की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी शून्य आलं. मग ताळा : भाजकाचे चार, भागाकाराचे दोन, चार दुणे आठ, इकडे एकांची बेरीज सतरा, एक न सात आठ. जुळला. तो हसत सुटला आणि मी तिथेच ढसाढसा रडलो. "तुले काय झालं बे?" म्हणतो.

वाटलं, आता स्वस्थ बसेल. कसला! दुसऱ्या दिवशी एकोणीस वेळा एक लिहून तयार. डॉक्टरांनी तर आशा सोडलेली. मी घाबरून वैशालीला विचारलं, याचा भाजक केवढा आहे बाई? ती हसली.

"काका, हा कशानंच तुटत नाही. बाबाच्या हातून निसटाचं काही नाहीच त्यात."

तिथून पुढे मी त्याच्याजवळ निवांत चहा प्यायलो. तो गेला तेव्हा पाटीवर भागाकार अर्धाच होता. वैशालीनं विचारलं, पुरा करू का?

"राहू दे पोरी," मी म्हटलं. "बाकी उरणारच आहे."